मधला फोटो

पालघर, १६ जानेवारी २०२५

अंकुश,

पत्राची सुरुवात करायला बसले तर 'प्रिय' हातून उतरेना, म्हणून नुसतं नाव. तुझा फोन बंद आहे. तुमच्या पाड्यावर टॉवर नाही हे मला माहीत आहे, तरी दिवसातून दहा वेळा लावते आणि त्या बाईचं तेच ते ऐकते. शेवटी तुझी बहीणच म्हणाली, "लिवून दे, शनवारी घरी जाईन तवा देईन." भागी फर्स्ट इयरला असून तुझ्यापेक्षा धीट आहे. ती रोज वर्गात येते. पोरं वळून बघतात, ती बघू देते. तू मात्र आठ तारखेला सकाळी वसतिगृहातली पेटी उचललीस आणि विक्रमगडची एसटी धरलीस. मला एक शब्द नाही.

दहा तारखेला आपला महोत्सव व्हायचा होता. सेमिनार हॉल, पाच फिल्म्स, एकशेवीस खुर्च्या. खिडक्यांना लावायला काळं कापड मी डेकोरेटरकडून आणलं होतं, ते अजून माझ्या स्कूटीच्या डिकीत आहे. महिनाभर लायब्ररीत बसून आपण चार फिल्म्सची मराठी सबटायटल्स लिहिली. पाचवीला गरज नव्हती, ती तुझी होती, तुमच्याच बोलीतली. आपण ठेवलेल्या पेटीत नऊ चिठ्ठ्या आल्या होत्या, बिननावाच्या. एकीवर लिहिलं होतं, 'मी येणार आहे पण पुढून नाही येणार, मागचं दार उघडं ठेवा.' ती वाचून तू बाहेर जाऊन उभा राहिला होतास. त्या माणसाला आता मी काय सांगू, सचिव पळून गेले म्हणून?

हो, पळालास. पळपुटा आहेस तू.

इथे काय झालं ते ऐक. सहा तारखेला फाटकावर फ्लेक्स लागला आणि अकराच्या आत प्राचार्यांना संस्थेतून फोन गेला. प्राचार्यांनी जयवंती मॅडमना बोलावलं. आपल्या फिल्म क्लबच्या प्रमुख, अर्जावर पहिली सही त्यांची. अर्जात तू सगळं स्वच्छ लिहिलं होतंस, समलिंगी, पारलिंगी, प्रत्येक शब्द. मॅडम म्हणाल्या, मी वृक्षारोपणाच्या कागदांबरोबर सही केली, वाचलं नव्हतं. प्राचार्य म्हणाले, मी मॅडमची सही बघून केली, वाचलं नव्हतं. दोन पीएचड्या आणि एक पान वाचून होत नाही! हॉलला कुलूप लागलं. वर मॅडम मला जिन्यात गाठून म्हणतात, "दीपाली, विषय चांगला होता गं, पण आपल्याकडे जरा लवकर होतो." मी म्हटलं, मॅडम, कधी येऊ परत? त्या रागावल्या.

आणि फ्लेक्सचं म्हणशील तर तो घोळ शैलेशकाकाचा. बोईसरला त्याचं छपाईचं दुकान आहे, तुला माहीत आहे. त्याच्या हिशेबी खाली शुभेच्छुकांचे गोल गोल फोटो नसतील तर तो फ्लेक्सच नव्हे. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवरसुद्धा त्याच्याकडे खाली अकरा जण हसत असतात. त्याने आपल्या क्लबचे अकरा फोटो लावले, तू सचिव म्हणून तुला मध्ये घेतलं, आणि पुतणीच्या कौतुकापोटी एक जास्तीचा छापून बोईसरच्या नाक्यावर स्वतःच्या फ्रेमवर चढवला. सवय आहे त्याला. त्याचं मी काय करू?

सात तारखेला संध्याकाळी तुझे वडील वसतिगृहाच्या फाटकाशी आले होते, एवढंच मला वॉचमनकडून कळलं. काय बोलले ते तू सांगितलं नाहीस. मारलं का? मारलं असेल तर सांग, मी पोलिसात जाईन.

परत ये. निदान मला शिव्या द्यायला ये.

दीपाली


पालघर, २३ जानेवारी २०२५

अंकुश,

उत्तर नाही. ठीक. भागी म्हणाली की तू पत्र घेतलंस, घडी घालून खिशात ठेवलंस आणि लाकडं फोडायला गेलास. मोठा आलाय लाकडं फोडणारा.

आज नोटीस लागली. शब्द न् शब्द उतरवून देते, म्हणजे माझं रक्त का खवळतंय ते तुला कळेल. 'विद्यार्थी अंकुश देवू वरठा याने महाविद्यालयाची विनापरवाना व आक्षेपार्ह जाहिरात सार्वजनिक ठिकाणी लावून संस्थेची प्रतिमा मलिन केली आहे. सबब त्याचा वसतिगृह प्रवेश रद्द करण्यात येत असून चौकशी पूर्ण होईपर्यंत त्याचा परीक्षा अर्ज स्वीकारला जाणार नाही.' फॉर्मची शेवटची तारीख सतरा फेब्रुवारी आहे. चौकशी कधी पूर्ण होणार, विचारलं तर म्हणतात एप्रिलमध्ये. शेवटचं सेमिस्टर, अंकुश. तुमच्या पाड्यावरचा पहिला पदवीधर व्हायला तुला एक फॉर्म आणि सहा पेपर उरलेत, आणि ते त्यांनी एका परिच्छेदात गुंडाळून ठेवले.

मी चौकशी समितीपुढे गेले होते. तिघे जण. प्राचार्य, तुमचे रेक्टर आणि जयवंती मॅडम. म्हटलं, फ्लेक्स अंकुशने लावला हे कशावरून? रेक्टर म्हणतात, "फोटो कुणाचा मध्ये आहे?" बस, हाच पुरावा! नाक्यानाक्यावर बघून बघून यांचं डोकं असं झालंय की मधला फोटो ज्याचा, कार्यक्रम त्याचा. मी म्हटलं, चूक छापणाऱ्याची आहे. प्राचार्य म्हणाले, छापणाऱ्याला कुणी सांगितलं? तेवढ्यात तासाची बेल झाली आणि त्यांना लेक्चर होतं. मला बोलूच दिलं नाही.

तुझ्या वडिलांचं मला भागीने सांगितलं. आम्ही दोघी ग्रंथालयामागच्या पायरीवर बसलो होतो. ती सांगत होती आणि मी ऐकत होते, आणि मला मधेच उठून जावंसं वाटलं. सात तारखेला देवूकाका नेहमीसारखे बोईसरच्या नाक्यावर कामाची वाट बघत उभे होते. दिवाळीनंतर तिथेच उभे राहतात ना ते. वर बघतात तर तू. मध्ये. केस विंचरलेला, पांढऱ्या शर्टातला. त्यांनी शेजारच्याला हात धरून दाखवलं, "माजा पोर." मग दुसऱ्याला. मग चहावाल्याला. नाक्यावर ज्यांचे फोटो लागतात ते मोठे लोक असतात, हे त्यांना माहीत होतं. पोर मोठा झाला असं त्यांना वाटलं, आणि ते फ्लेक्सखाली उभे राहिले, म्हणजे लोकांना चेहरा ताडून बघता यावा. मग मजूर न्यायला एक ठेकेदार आला. "देवू, ये तेरा लड़का है? पता है क्या लिखा है इसपे?" आणि त्याने मोठ्याने वाचलं. एकेक शब्द तोडून. चाळीस माणसं हसली.

मी त्या ठेकेदाराचं नाव काढणार आहे.

भागी म्हणाली बाबांनी तुला मारलं नाही. फाटकाशी येऊन एवढंच म्हणाले, "मना तू सांगितलास का नाय? मी लोकांना हात धरून दाखवला." ते ऐकून तू पेटी भरलीस. मला वाटलं होतं तू भीतीने गेलास. तरी सांगते, जायला नको होतंस. तू गेलास म्हणून त्यांना बरं झालं. समोर नसलेल्या माणसावर काहीही लिहिता येतं.

काही तरी लिही. कोरा कागद पाठव, पण पाठव.

दीपाली


माकुणसार, ३० जानेवारी २०२५

अंकुश,

मिळालं. माझ्याच पत्राच्या पाठीवर, पेन्सिलीने, चार ओळी.

'फोटो टाकू नका असं काकाला सांग, हे मी तुला दोनदा सांगितलं होतं. छापायच्या आधी काका तुला नमुना पाठवतात. तू तो बघितला होतास का? एवढंच लिही.'

मी तुझ्यासाठी समितीपुढे गेले. मी तुझ्यासाठी रेक्टरशी वर्गाबाहेर सगळ्यांसमोर भांडले. चाळीस सह्या गोळा केल्या, त्यातल्या अकरा जणांनी दुसऱ्या दिवशी खोडायला लावल्या, त्यांच्याशी भांडले. घरी बाबा म्हणाले, असल्या भानगडीत पडू नकोस, तर दोन दिवस जेवले नाही. आणि तू तिकडे बसून माझी उलटतपासणी घेतोस? तुला कोण पाठीशी घालतंय ते दिसत नाही का? मला मुलगे आवडतात, माझं काही अडलेलं नव्हतं या महोत्सवावाचून. तरी मी केलं. कुणासाठी केलं?

हे सगळं काल लिहिलं. फाडणार होते. राहू देते, कारण माझा राग कसा चालतो ते तुला कळू दे. आधी सगळ्या गावावर धावून जातो.

बघितला होता.

पाच जानेवारीला दुपारी काकाचा नमुना आला. मी वाडीत होते, बाबा पानवेलींना पाणी सोडत होते. मी मोबाईलवर बोटांनी मोठं करून बघितलं. अकरा फोटो. तू मध्ये. तुझ्या शेजारी मी, केळव्याच्या समुद्रावरचा माझा तो निळ्या ओढणीतला फोटो, आणि खाली पूर्ण नाव, कु. दीपाली आत्माराम सावे. आमच्या घरात विनोददादाचा फोटो दर गणपतीला लागतो, दर दहीहंडीला लागतो. दहावीत तीन विषय राहिले तेव्हासुद्धा लागला होता. माझा एकदाही नाही. बोर्डात तालुक्यात दुसरी आले तेव्हा काकाने पेढे दिले. मुलीचा फोटो नाक्यावर कशाला, म्हणाला. आणि आता त्याने आपणहून लावला होता. मी बघत बसले.

तू दोनदा सांगितलेलं मला आठवलं नाही असं लिहिणार होते. आठवलं होतं. मला वाटलं, कॉलेजच्या फाटकावर तर आहे, तुमच्याकडचं कोण येतंय बघायला. 'तुमच्याकडचं कोण' हे मी असंच्या असं मनात म्हटलं. आणि तू छान दिसत होतास, तेही वाटलं. मी काकाला लिहिलं, 'ओके काका, मस्त.' पुढे दोन टाळ्या. काकाने विचारलं, एक बोईसरलाही लावू का? मी परत टाळ्या पाठवल्या.

आणि समितीत बेल झाली नव्हती. प्राचार्यांनी विचारलं, छापणाऱ्याला कुणी सांगितलं, आणि मी खाली बघितलं. मग रेक्टर म्हणाले, अंकुशच असणार, आणि त्यांनी ते लिहून घेतलं. बेल नंतर झाली. मी बेलच्या आधी बोलू शकत होते.

तुला उत्तर हवं होतं, दिलं. आता मला पळपुटी म्हण.

दीपाली


पालघर, ६ फेब्रुवारी २०२५

अंकुश,

तुझ्याकडून काही आलं नाही. नसू दे. यावेळी मी उत्तरासाठी लिहीत नाही.

सोमवारी मी प्राचार्यांकडे गेले. लेखी जबाब घेऊन गेले होते, काकाच्या संदेशांची प्रिंट जोडून, माझ्या टाळ्यांसकट. उभ्यानेच सांगितलं. सर, फ्लेक्स मी मंजूर केला. अंकुशने फोटो नको म्हणून सांगितलं होतं. मागच्या वेळी मी गप्प बसले, ती चूक माझी. नोटीस बदला आणि माझं नाव घाला.

काढून टाकतील, बाबांना बोलावतील, सगळी तयारी करून गेले होते.

त्यांनी कागद वाचला. यावेळी अगदी नीट वाचला. मग चष्मा काढून म्हणाले, "तू माकुणसारच्या आत्माराम सावेंची ना? बस बस." बेल दाबली. शिपाई चहा घेऊन आला. मला चहा दिला, अंकुश! बशीत दोन बिस्किटं ठेवून. "प्रामाणिकपणे आलीस, आवडलं मला. तुझं वय आहे चुका करायचं. असल्या विषयांत मुलं भरीला घालतात, मुली भाबड्या असतात. बाबांना मी काही बोलणार नाही, काळजी करू नकोस."

मी विचारलं, आणि अंकुशची नोटीस?

"त्याचं वेगळं आहे. वसतिगृहाच्या शिस्तीचा प्रश्न आहे. आणि आता मॅटर संस्थेपर्यंत गेलंय. पुढच्या वर्षी बसू दे त्याला परीक्षेला, काय बिघडतंय?"

काय बिघडतंय! तेच फोटो, तोच फ्लेक्स, आणि आता तर करणारी समोर बसून सांगते आहे की मी केलं. माझ्याकडून झाली ती चूक, आणि तुझ्या नावावर तीच गुन्हा. मी केलं तर वय, तू केलं नाहीस तरी शिस्त. त्यांना माझं ऐकूनच घ्यायचं नव्हतं. खरं बोलायचं म्हणून तीन रात्री तळमळले, आणि त्या माणसाने माझं खरं दोन बिस्किटांबरोबर परत केलं.

चहा मी घेतला नाही. हे शौर्य म्हणून सांगत नाही. जबाबाची पोच मागितली तर म्हणाले, त्याची गरज नाही, ठेव तुझ्याकडेच. बाहेर जयवंती मॅडम होत्या. म्हणाल्या, "तू सुटलीस ना, मग आता ताणू नकोस." मी त्यांना काय बोलले ते इथे लिहीत नाही. भागीला सांगितलंय, ती खूश झाली.

मला वाटत होतं की आपण एकदा कबूल केलं की संपलं. कबूल करायलाही वजन लागतं आणि ते माझ्याकडे उलट्या बाजूने आहे. मी बोलले तर ते मला वाचवतात. तू बोललास तर ते तुला आत घेणार नाहीत. मग बोलायचं कुणी?

अकरा दिवस उरलेत. मला एकच माणूस सुचतो, आणि त्यांच्यासमोर जायची माझी हिंमत नाही.

दीपाली


पालघर, १३ फेब्रुवारी २०२५

अंकुश,

काल सकाळी सातला बोईसरच्या नाक्यावर गेले. फ्लेक्स कधीच उतरलाय, त्या फ्रेमवर आता कुणाच्या तरी वाढदिवसाचा आहे. देवूकाका आधी जिथे उभे राहायचे तिथे नव्हते. रस्त्याच्या पलीकडे, पंक्चरच्या दुकानापाशी एकटे उभे होते. तिकडे ठेकेदार कमी फिरतात. भागीने सांगितलं नव्हतं मला हे.

त्यांनी मला ओळखलं. "तू त्या फोटोतली. निली ओढनी." मी सगळं सांगितलं. मी छापायला सांगितला, अंकुशने नको म्हटलं होतं, मला माझा फोटो हवा होता. आजूबाजूला लोक जमत होते, तरी सांगितलं. तो ठेकेदारही होता म्हणे त्यात, मला काही त्याचा चेहरा माहीत नाही. नाव काढणार होते ना मी त्याचं? राहून गेलं. खरं तर तेव्हा त्याची आठवणही झाली नाही.

देवूकाका चिडले नाहीत. चिडले असते तर सोपं गेलं असतं. त्यांनी विचारलं, "त्याचा वरीस जाईल?" मी म्हटलं, सतराच्या आत कागद बदलला नाही तर जाईल. त्यांनी हातातलं फावडं पंक्चरवाल्याकडे ठेवलं आणि म्हणाले, "कुठं बसतो तो सायेब?" दिवसाचं काम सोडून आले, अंकुश. रस्ताभर माझ्या स्कूटीवर मागे बसले होते. भागी फाटकाशी उभी होती, तिलाही बरोबर घेतलं.

प्राचार्यांनी मला बसायला सांगितलं. त्यांना नाही. मीही बसले नाही. मी टेबलावर दोन कागद ठेवले, माझा जबाब आणि आपला मूळचा अर्ज, ज्यावर दोघांनी न वाचता केलेल्या सह्या आहेत तो. देवूकाका म्हणाले, "माज्या पोराचा नाव काडा कागदावरून. त्यानी केला नाय."

प्राचार्य जरा हसले. मला वाटतं त्यांना ते सहज मिटवायचं होतं. म्हणाले, "देवूभाऊ, तुमचं ऐकलंय मी. नाक्यावर त्या फ्लेक्सखाली उभं राहून तुम्हीच तर लोकांना बोलावून दाखवत होता म्हणे. तेव्हा काही वाटलं नाही? आता कागदावरून नाव काढा म्हणता."

भागी पुढे झाली, काकांनी तिला हाताने मागे सारलं.

"मना वाचता नाय येत, सायेब," ते म्हणाले. मग माझ्याकडे बोट केलं. "हिला येतं."

तेवढंच. आवाजही चढवला नाही. मग त्यांनी ते बोट खाली आणलं आणि टेबलावरच्या अर्जावर ठेवलं, बरोबर सह्यांवर. सही ओळखायला वाचता यावं लागत नाही. प्राचार्य कागदाकडे बघत होते, मी जमिनीकडे. मला त्या क्षणी कुणी थोबाडीत मारली असती तर मी आभार मानले असते. महिनाभर मी सगळ्यांवर आरडाओरडा केला, आणि त्या माणसाने दोन शब्दांत मला जिथे ठेवायचं तिथे नेऊन ठेवलं.

दुपारी तीनपर्यंत आम्ही तिघं व्हरांड्यात बसून होतो. कुणी हाकलायला आलं नाही. तीनला नवीन नोटीस निघाली. पत्रासोबत आहे. तुझ्यावरची कारवाई मागे, वसतिगृहाची जागा परत, परीक्षा अर्ज स्वीकारण्यास हरकत नाही. खाली माझं नाव आहे. मला पंधरा दिवस वर्गात बंदी आणि क्लबमधून काढलंय. पंधरा दिवस! तुला अख्खं वर्ष देत होते, मला आईच्या हातचं जेवण खात घरी बसायला पंधरा दिवस. आनंद मानू नकोस. नोटिशीत 'सहानुभूतीपूर्वक विचार करून' असं लिहिलंय, त्यावरही मी भांडणार होते. देवूकाका म्हणाले, "राहू दे. त्याला पेपर लिवू दे."

तुझ्या फिल्मचा पेनड्राइव्ह पाकिटात घातलाय. तुझ्या आईंनी त्यात मांडवाजवळ जे गाणं म्हटलंय ते मी किती वेळा ऐकलं ते सांगत नाही. महोत्सव व्हावा की नाही, कुठे व्हावा, तुझी फिल्म त्यात असावी की नसावी, यात आता माझं मत नाही. क्लबचा सचिव तू आहेस, तुला कुणी काढलेलं नाही. नऊ चिठ्ठ्याही पाकिटात आहेत. त्या तुझ्याकडे असाव्यात, मी नीट सांभाळीन याचा माझाच मला भरवसा उरला नाही.

माफ कर असं लिहिणार नाही. ते लिहिलं की तुला उत्तर द्यावं लागेल, आणि तुझ्या डोक्यावर आता सहा पेपर आहेत.

हे पत्र भागीकडे देत नाही. देवूकाका उद्या स्वतः येतायत तुला घ्यायला, त्यांच्याकडे देते. आज ते न्यायला आले तेव्हा मी पाकीट पुढे केलं तर त्यांनी हात मागे घेतला. म्हणाले, "काय लिवलाय आत? आधी वाच." मग वाचून दाखवलं. कॉलेजच्या फाटकाबाहेर, कडेला उभं राहून, पहिल्या ओळीपासून. त्यांनी माझ्याकडे बोट केलं तेही वाचलं. ते ऐकताना ते माझ्या तोंडाकडे बघत होते, मी काही गाळतेय का म्हणून. काही गाळलं नाही. हा शेवटचा भाग त्यांच्यासमोर लिहिते आहे, हाही वाचून दाखवीन.

सोमवारी सतरा तारीख आहे. खिडकी साडेचारला बंद होते. मी तिथे नसेन. माझ्याशी कधीच बोलला नाहीस तरी चालेल, फॉर्म भर.

दीपाली